आवाज गेला, नाद राहिला

टीव्हीवर चित्र दिसतंय आणि आवाज येत नाही, अशा वेळी जो माणूस सगळ्यांत आधी माहितीपुस्तिका उघडून बसतो, त्याच्याशी सोयरीक करताना कोल्हापुरात तरी दोनदा विचार करावा. असा माणूस मिसळीत कट बेतानं घाला म्हणतो, रंकाळ्यावर फिरायला जाताना स्वेटर नेतो आणि पेठेतल्या फुटबॉलच्या सामन्यात दोन्ही बाजूंच्या चांगल्या खेळाला टाळ्या वाजवतो. अशानं घर चालतं, पण घरात काही घडत नाही.

हा लेख दुसऱ्या माणसासाठी आहे. जो पुस्तिका खोक्यासकट माळ्यावर टाकतो, बाह्या सरसावतो आणि टीव्हीच्या मागं हात घालून बोटांना लागेल ती वायर ओढतो. त्याची आजवर चेष्टाच झाली, रीतसर स्तुती कुणी केली नाही. इरॅस्मस या डच विद्वानानं १५११ साली मूर्खपणाची स्तुती करणारं एक लॅटिन पुस्तक छापलं. त्यात राजांपासून धर्मगुरूंपर्यंत सगळ्यांची त्यानं सोय लावली, पण टीव्हीला साउंडबार जोडणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही. ही उणीव पाचशे वर्षं तशीच राहिली.

सुरुवातीला गावाचा अधिकार सांगायला हवा. चित्र इथं, आवाज तिथं आणि दोघांची गाठ कशी घालायची, हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेराच या गावात तयार केला. विकत आणला असता तर सोबत पुस्तिका आली असती. १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला तेव्हा चित्रपटच मुका होता, त्यामुळे आवाज का येईना म्हणून कुणी थिएटरात उठून वायर हलवत नव्हतं. १९२९ मध्ये इथंच ‘प्रभात’ निघाली. १४ मार्च १९३१ ला मुंबईत ‘आलम आरा’ बोलला आणि पुढच्याच वर्षी प्रभातनं कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट उभा केला. हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गाबाई खोटे आणि ध्वनिमुद्रण पुन्हा दामल्यांचं. नाटकाचे पडदे रंगवण्यापासून सुरुवात केलेल्या माणसानं मराठी सिनेमाचा पहिला आवाज पकडला, हे मोठंच काम. मात्र दामल्यांच्या यंत्राला रिमोट नव्हता, ही सवलत विसरून चालणार नाही. आज बैठकीच्या खोलीत टीव्हीचा एक, सेट टॉप बॉक्सचा दुसरा आणि साउंडबारचा तिसरा असे तीन रिमोट एका उशीखाली असतात आणि त्यातल्या निदान एकात सेल नसतात.

आता प्रत्यक्ष प्रसंग. दसऱ्याला किंवा पाडव्याला नवा टीव्ही येतो. बसवणारा माणूस भिंतीला भोकं पाडतो, चित्र दाखवतो, चहा घेतो आणि साउंडबारचं विचारलं की ‘ते आमच्याकडं येत नाही’ असं सांगून निघून जातो. इथून पुढचा कारभार घरच्यांचा. दाजींना फोन जातो. दाजी उद्यमनगरात लेथवर काम करतात, म्हणजे फिरणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचं मत अंतिम. टीव्ही फिरत नाही, पण एवढ्या तेवढ्यावरून मत राखून ठेवणाऱ्यांतले ते नव्हेत.

“काय झालंय?”

“चित्र आलंय दाजी, आवाज येईना झालाय.”

“वायर काढून घाला की.”

“घातली दोनदा.”

“मग उलटी घाला.”

एचडीएमआयची पिन उलटी बसत नाही. तिच्या एका बाजूचे कोपरे मुद्दाम छाटलेले असतात, ते एवढ्याचसाठी. हे शहाण्याला माहीत असतं आणि म्हणून तो प्रयत्नच करत नाही. दाजी करतात. आत एकोणीस बारीक पट्ट्या असतात, त्यांतली एखादी वाकते आणि मग चित्रही जातं. यात नुकसान बघणारे बघोत. खरं तर इथं मोठी प्रगती झालेली असते. अर्ध्या तक्रारीची पूर्ण तक्रार झाली की दुकानदारही ऐकून घेतो.

जुन्या लोकांना या टप्प्यावर हळहळ वाटते ती पाठीच्या टीव्हीची. त्या डब्याला डाव्या अंगानं एक थाप दिली की तो बोलायचा. लोक याला अंधश्रद्धा म्हणतात, पण त्यात शास्त्र होतं: आतल्या पाटीवरचं डाग दिलेलं एखादं टोक उन्हापावसानं, तापून-निवून सुटलेलं असायचं, हादरा बसला की ते पुन्हा टेकायचं. थाप नेमकी कुठं आणि किती जोरात द्यायची, हे ज्ञान प्रत्येक घरात एकाच माणसाकडं असे आणि तो परगावी गेला की बातम्या मुक्या बघाव्या लागत. आताचे टीव्ही पापडाएवढे पातळ. त्यांना थाप देता येत नाही, दिली तर दुसरा घ्यावा लागतो. आवाज जाण्याची सोय ठेवली आणि आणण्याची काढून घेतली, याला काय म्हणायचं?

थाप गेली तरी टीव्हीची मागची बाजू शिल्लक आहे. सगळी भोकं तिकडं असतात आणि टीव्ही भिंतीला लागलेला असतो. मधल्या बोटभर जागेत मोबाइल सरकवून, टॉर्च लावून फोटो काढायचा असतो. पहिल्या फोटोत अंधार येतो, दुसऱ्यात दाजींचा अंगठा, तिसऱ्यात पाल. पाल दिसली की घरातली निम्मी माणसं खोलीबाहेर जातात आणि कामाला जागा होते. पुढच्या फोटोत तीन भोकं दिसतात. त्यांतल्या एकाखाली बारीक अक्षरांत ‘एआरसी’ लिहिलेलं असतं. टीव्हीकडून साउंडबारकडं आवाज उलटा न्यायची सोय फक्त त्याच भोकात असते. ही सोय २००९ मध्ये एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीत आली आणि तेव्हापासून लोक उरलेल्या दोन भोकांत वायर घालत आहेत. कारण ती दोन भोकं हाताशी असतात आणि एआरसीचं टीव्ही टांगलेल्या खिळ्याच्या बाजूला, जिथं हात जात नाही. माणसानं हाताशी असलेलं आधी वापरावं, यात चुकलं कुठं?

यानंतर दुकान. राजारामपुरीत जाऊन नवी वायर आणणं, हा या साऱ्या खटाटोपातला सगळ्यांत समाधानाचा भाग. दुकानदार दोन वायरी पुढं ठेवतो, एक साधी आणि दुसरी सोन्याच्या मुलाम्याच्या पिनेची, वर विणलेलं कापड, किंमत चौपट. ज्या गावात सराफांची गुजरी आहे, त्या गावात सोन्याच्या पिनेचं महत्त्व पटवायला वेळ लागत नाही. घरच्या टीव्हीसाठी लागते तेवढ्या हातभर वायरीतून आकड्यांच्या रूपात जाणारा आवाज एक तर नीट पोचतो, नाही तर तुटक पोचतो किंवा पोचतच नाही. सोन्यातून गेला म्हणून तो भरदार होत नाही. हे खरं असलं तरी दुकानात बोलू नये. दुकानदाराचा नव्हे, दाजींचा अपमान होतो.

ज्यांचा बॉक्स जुना आहे, त्यांना पिवळी, तांबडी आणि पांढरी अशी तिपेडी वायर मिळते. पिवळीतून चित्र जातं, पांढरीतून डावा आवाज, तांबडीतून उजवा. म्हणजे फक्त पिवळी लावली तरी चित्र स्वच्छ दिसतं आणि उरलेल्या दोन शोभेच्या आहेत असं वाटू शकतं. त्यातून काही टीव्हींच्या मागं निळं-हिरवं-तांबडं असं चित्राचंच वेगळं त्रिकूट असतं. म्हणजे तांबडी भोकं दोन, एक आवाजाचं आणि एक चित्राचं. तांबड्याला तांबडं भेटल्याचा आनंद घ्यावा आणि पुढं जावं. प्रकाशाच्या वायरीची, म्हणजे ऑप्टिकलची, गंमत याहून न्यारी. तिच्या टोकावर काडीच्या टोकाएवढं प्लास्टिकचं टोपण असतं, धूळ जाऊ नये म्हणून. ते काढायचं असतं. न काढता जोर लावून वायर खुपसणाऱ्यांच्या मनगटांची ताकद पाहून तालमीच्या वस्तादाचा ऊर भरून यावा. टोपण काढलं तर टोकाला तांबडा उजेड दिसतो, पण बघायला वाकावं लागतं.

एवढ्यावर आवाज आला तर अर्थातच लेख इथं संपेल. तो येत नाही, कारण अजून डॉल्बी राहिला.

कोल्हापुरात डॉल्बी म्हणजे काय, हे सांगायला नको. विसर्जनाच्या मिरवणुकीत महाद्वार रोडवरून स्पीकरची जी भिंत सरकत येते आणि जिच्यापुढं दुकानांची शटरं आपोआप ताल धरतात, ती. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ही भिंत सुरू झाली की मोजणाऱ्या यंत्राचा काटाच शरमतो. डॉल्बीमुक्त मिरवणुकीची आवाहनं झाली, बैठका झाल्या, गुन्हे दाखल झाले. ज्याचं हे नाव, तो रे डॉल्बी नावाचा अमेरिकन अभियंता १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होता. मग १९६५ मध्ये त्यानं लंडनला आपली प्रयोगशाळा काढली. त्याचं पहिलं मोठं काम कोणतं, तर टेपवरची खरखर कमी करणारी यंत्रणा. ज्यानं आयुष्य खरखर घालवण्यात घालवलं, त्याचं नाव आपण त्या भिंतीला दिलं. परदेशी शास्त्रज्ञांची कदर आपण करत नाही म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तर सेट टॉप बॉक्सच्या मेनूत आवाजाच्या सदरात दोन नावं दिसतात: ‘पीसीएम’ आणि ‘डॉल्बी’. पीसीएम हे नाव सहकारी बँकेच्या फॉर्मवरच्या रकान्यासारखं, त्यात जीव नाही. डॉल्बी म्हटलं की अंगात येतं. महाद्वार रोडवर ऊर धडधडलेला कुठला माणूस पीसीएम निवडेल? खटक्यावर बोट, डॉल्बी चालू. आता बॉक्स आवाज घडी घालून, बांधून पाठवतो. ज्या टीव्हीत किंवा साउंडबारमध्ये ती घडी उलगडायची सोय नाही, तो गप्प बसतो. पोलिसांना इतक्या वर्षांत जे जमलं नाही, ते घरात एका बटणानं होतं: डॉल्बी लावला आणि शांतता झाली. जिल्हा प्रशासनानं याची नोंद घ्यायला हरकत नाही.

खरं तर या सगळ्या यंत्रांत बिघडलेलं काहीच नसतं. मंडळाच्या हिशेबाच्या बैठकीत खजिनदार अध्यक्षाकडं बघतो, अध्यक्ष सेक्रेटरीकडं आणि सेक्रेटरी छताकडं, तसं इथं चाललेलं असतं. बॉक्सला वाटतं, आपण पाठवलंय, आता टीव्ही बोलेल. टीव्हीला कुणी तरी कधी तरी ‘बाहेरचे स्पीकर’ असं बजावून ठेवलेलं असतं, म्हणून त्यानं तोंड मिटलेलं. साउंडबार तर वायरीकडं बघतच नाही. तो ब्लूटूथवर कुणी बोलावतंय का याची वाट बघत निळा दिवा लुकलुकवत बसतो. तिघंही आपापल्या जागी बरोबर. ब्लूटूथची तर वेगळीच माया. टीव्हीचा आवाज कपाटातल्या, चार्ज करून ठेवलेल्या हेडफोनात चाललेला असतो आणि मालिकेतली सून तिथं कपड्यांच्या घड्यांना आपलं दुःख सांगत असते. नाही तर तो माडीवरच्या स्पीकरला जोडला जातो. मग वर झोपलेल्या आजोबांना अंधारात कुणी तरी कर्जाचे व्याजदर सांगू लागतं आणि दुसऱ्या दिवशी नारळ उतरवावा लागतो.

ज्यांना वेळ फारच कमी आहे, त्यांच्यासाठी शहाण्यांची पद्धत सांगून ठेवतो. जपून वापरावी. पडद्याच्या कोपऱ्यात फुली मारलेल्या भोंग्याचं चित्र आहे का, ते आधी बघायचं. बरेच लोक त्याला वाहिनीचं बोधचिन्ह समजतात. मग बॉक्सचा आवाज त्याच्या स्वतःच्या रिमोटनं वाढवायचा, कारण टीव्ही शंभरावर आणि बॉक्स शून्यावर असेल तर शून्यच ऐकू येतं. वाहिनी बदलून बघायची. एकीवरच आवाज नसेल तर दोष घरात नाही. मग मधली सगळी यंत्रं काढून फक्त बॉक्स आणि टीव्ही, टीव्हीचे स्वतःचे स्पीकर, मेनूत पीसीएम. आवाज आला की एकेक यंत्र परत जोडत जायचं, साउंडबारची वायर एआरसीच्या भोकात, साउंडबारवर तीच वाट निवडलेली. ज्या पायरीला आवाज जाईल, तिथं चोर. शेवटी सगळ्यांचे प्लग काढून चार-पाच मिनिटांनी परत लावायचे, म्हणजे यंत्रं एकमेकांची ओळख नव्यानं करून घेतात. लॅपटॉप असेल तर त्यातच आवाज कुठं सोडायचा, हे निवडावं लागतं. वायर लावली म्हणून तो आपला आवाज टीव्हीला देईलच असं नाही. ही पद्धत वापरली तर काम पाऊण तासाच्या आत संपतं.

आणि इथंच तिचा घात आहे. पाऊण तासात काम संपलं तर दाजी जेवायला थांबत नाहीत. शेजारचे अण्णा पकड घेऊन येत नाहीत आणि ती पकड गेल्या वर्षी आपलीच नेलेली होती, हे कधीच उघडकीला येत नाही. केबलवाला, दुकानदार, पुण्यात आयटीत असलेला भाचा, यांच्याशी बोलणं होत नाही. भाच्याला एरवी कोण फोन करतं? तो व्हिडिओ कॉलवर “मामा, टीव्ही दाखव, तोंड नको” म्हणतो तेव्हा निदान तो बरा दिसतोय, एवढं तरी कळतं.

शिवाय आवाज नसताना टीव्ही जास्त समजतो, हे कुणी मान्य करत नाही. आजी दोन दिवस मुक्या मालिका बघते आणि कथानक तिला तसूभरही चुकत नाही, कारण धक्का बसला की तिथं प्रत्येकाचं तोंड आळीपाळीनं तीनदा दाखवतात. संवाद ती स्वतः घालते आणि ते मूळच्यापेक्षा बरे असतात. मालिकेतली सासू काय म्हणाली हे तिला ऐकायला लागत नाही, तिनं स्वतः चाळीस वर्षं ते म्हटलेलं आहे. वृत्तवाहिनीवरच्या चर्चेबद्दल तर बोलायलाच नको. आठ चौकटींत आठ तोंडं उघडझाप करतात आणि घरात कुणाचंही रक्त वाढत नाही.

फुटबॉलचं प्रकरण याहून पुढचं. १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री अर्जेंटिना आणि फ्रान्स यांची अंतिम लढत होती. पेठांत घराला घर लागून, भिंतीला भिंत. ज्याच्याकडं इंटरनेटवरून चित्र येतं, त्याचं चित्र छत्रीवरून येणाऱ्या चित्राच्या कितीतरी सेकंद मागं असतं. अशा घरात टीव्हीला आवाज असला तर शेजारचं काही ऐकू येत नाही आणि माणूस शिळा सामना ताजा समजून बघतो. टीव्ही मुका असेल, तर मेस्सी अजून चेंडूकडं चाललेला असतानाच गल्लीत आरोळी उठते आणि आपण निवांत पाय पसरून गोल बघतो. भविष्य कळलेला माणूस किती शांत असतो! तीन-तीन अशी बरोबरी झाली, मामला पेनल्टीवर गेला, गल्लीतले लोक नखं खात होते. मुक्या टीव्हीवाल्या घरांना प्रत्येक पेनल्टीचा निकाल आधीच पोचत होता, वर शेजाऱ्यांचं समालोचन फुकट आणि अस्सल कोल्हापुरीत. त्यातले काही शब्द छापता येत नाहीत, हा छापण्याच्या तंत्राचा दोष.

तरीही आवाज एक दिवस परत येतोच. त्याला कुणाचा इलाज नाही. तो बहुतेक रात्री दहानंतर येतो. तीन दिवसांत ज्यानं-त्यानं येता-जाता तिन्ही रिमोटची अधिक-खूण दाबून ठेवलेली असते, त्यामुळं तिन्ही यंत्रं शंभरावर. एखाद्या मसाल्याच्या जाहिरातीतली बाई एकदम अशी किंचाळते की देवघरातली घंटा हलते, समोरच्या माडीवरचा दिवा लागतो आणि गल्लीतली कुत्री पंचगंगेच्या दिशेनं निघतात. ४५ डेसिबलचा नियम आठवायला तेव्हा कुणाला सवड नसते. सगळे तिन्ही रिमोट दाबत सुटतात आणि सेल नसलेला नेमका दाजींच्या हातात असतो.

मग सुरू होते श्रेयाची वाटणी. अण्णा म्हणतात, आपण पकडीनं पिन दाबली म्हणून. भाचा फोनवर म्हणतो, आपण सांगितलं म्हणून. वहिनी म्हणतात, मी सकाळी टीव्हीवरून ओलं फडकं फिरवलं तेव्हाच मला वाटलं होतं. पण आवाज आला त्या क्षणाला नेमकं काय केलं होतं, याचा दाजी कसून तपास करतात. तेव्हा कुणीच काही करत नव्हतं. फक्त आजीला उकडत होतं म्हणून नातवानं पंखा दोनवरून तीनवर नेला होता. म्हणजे कारण तेच. दाजी रेग्युलेटरखाली भिंतीवर पेन्सिलीनं ‘हात लावू नये’ असं लिहून जातात.

आता थंडी पडली आहे. सगळे घोंगडी पांघरून बातम्या बघतात आणि पंखा तीनवर आहे.